डिसेंबर २०२६चं आकाश : कोल्हापुरातून काय, कधी आणि कुठून बघायचं

जेमिनिड उल्कावर्षाव बघायला मी पहिल्यांदा निघालो तो थेट रंकाळ्यावर. पाणी आहे, मोकळं आहे, मध्ये इमारत नाही, एवढाच हिशोब केला होता. दोन तासांत तीन उल्का दिसल्या, त्यातली एक मित्राला दिसली आणि मला नाही. उरलेला वेळ भेळ खाण्यात गेला. आकाशाचा त्यात काही दोष नव्हता. रस्त्यावरचे दिवे, डोक्यावरचा चंद्र आणि हातातला मोबाईल, या तिघांनी मिळून रात्र खाल्ली. तिन्ही टाळता येतात, आणि चंद्र टाळायला तर घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

डिसेंबर २०२६ हा शिकायला झकास महिना आहे. उल्कावर्षावाच्या मुख्य रात्री चंद्र लवकर मावळतोय. संध्याकाळी शनी, रात्री गुरू आणि मंगळ, पहाटे शुक्र, असे चार ग्रह एकाच रात्रीत नुसत्या डोळ्यांनी बघता येतील. महिनाअखेरीला पौर्णिमेचा चंद्र पृथ्वीच्या अगदी जवळ असेल. टेलिस्कोप नसला तरी काही अडत नाही.

आधी कॅलेंडर उतरवा

तारखांपेक्षा तिथी बघा. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती सरकला त्याचं माप. एक तिथी म्हणजे १२ अंश. शुद्ध पक्षात तिथीच्या आकड्याला पाऊण तासाने गुणलं, की सूर्यास्तानंतर साधारण तेवढ्या वेळाने चंद्र मावळतो. पंचमीला पावणेचार-चार तास, अष्टमीला सहा तास. वद्य पक्षात उलट: पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या वेळीच उगवतो आणि पुढे रोज पाऊण ते एक तास उशिरा. इथे संकष्टी उपयोगी पडते, कारण त्या दिवसाचा चंद्रोदय कॅलेंडरवर छापलेलाच असतो. त्यात पुढच्या प्रत्येक दिवसासाठी पाऊण तास मिळवत जायचं, आणि चंद्र उगवेपर्यंतचा काळोख आपला. छापलेली वेळ मुंबईची असेल तर आपल्याकडे चार-पाच मिनिटांचा फरक पडतो. उपास सोडणाऱ्याला तो मोठा वाटेल, आपल्याला नाही.

आता हा महिना मांडून बघा. १ तारखेला अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. ८ची अमावास्या ९ तारखेला सकाळी संपते आणि मार्गशीर्ष लागतो. १७ला पुन्हा अर्धा चंद्र, या वेळी संध्याकाळचा. २३ला दत्तजयंतीची पौर्णिमा. म्हणजे २ ते १४ हे अंधाराचे दिवस, त्यातही ४ ते १२ सर्वांत उत्तम. तेजोमेघ (वायू आणि धुळीचे ढग), देवयानी दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक), आकाशगंगेचा पट्टा असं जे जे पुसट आहे ते या दिवसांत उरकून घ्यायचं. १८ ते २६ या काळात त्याचा नाद सोडा आणि चंद्र-ग्रह बघा.

जागा: पश्चिमेला आणि उंचावर

कोल्हापूरच्या पूर्वेला शिरोली, पुढे इचलकरंजी, दक्षिणेला गोकुळ शिरगाव-कागल, मधून पुणे-बंगळूर महामार्ग. त्या बाजूचं आकाश रात्रभर पिवळट असतं. अंधार सह्याद्रीकडे आहे. शिवाय डिसेंबरमध्ये साखर कारखाने आणि गुऱ्हाळं जोरात असतात. चिमण्यांचा धूर, पेटवलेलं पाचट आणि नदीकाठचं धुकं हे सगळं पंचगंगेच्या खोऱ्यात खाली साठून राहतं. म्हणून जागा दिव्यांपासून लांब असून भागत नाही, ती खोऱ्याच्या वर हवी.

सर्वांत सोयीचा पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर. गडावर वस्तीचे दिवे आहेत, तेव्हा गडाच्या पश्चिमेला मसाई पठाराकडे सरकलात तर बरं. पठार सपाट आहे, चारी बाजूंचं क्षितिज मोकळं मिळतं आणि शहराचा उजेड पाठीमागे पूर्व-आग्नेयेला राहतो. वारा मात्र हाडात शिरतो. गगनबावडा आणि राधानगरी-दाजीपूरकडचं आकाश त्याहून काळं आहे. तिथून आकाशगंगा बघितलेल्या माणसाला शहरातलं आकाश पुन्हा गोड लागत नाही. पण त्या बाजूला गव्यांचा वावर आहे आणि अभयारण्यात रात्री मनमानी थांबता येत नाही. अभयारण्याबाहेर गावात ओळख काढा, कुणाच्या खळ्यात नाहीतर घराच्या स्लॅबवर परवानगीने मुक्काम करा. गावकऱ्यांना आधी सांगितलं नाही, तर मध्यरात्री माळावर झोपलेली पाच माणसं बघून कुणालाही शंका येणारच.

रस्त्याबद्दल एक गोष्ट कळकळीची. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे लाल दिवा काय, चकाकणारी पट्टीही नसते. पहाटे तीनला पेंगुळलेल्या डोळ्यांनी गाडी हाणत परत येण्यापेक्षा उजाडेपर्यंत तिथेच थांबा. तसाही पहाटेचा शुक्र बघायचाच आहे.

बाहेर जाणं जमत नसेल तर घराची गच्ची चालेल. ग्रह, चंद्र, मृग, कृत्तिका हे सगळं गच्चीवरून दिसतं. रस्त्यावरचा दिवा डोळ्यांत येत असेल तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसा.

सोबत काय न्यायचं

खाली अंथरायला घोंगडं, वर पांघरायला दुसरं. सतरंजी दहिवराने ओली होते, घोंगडं होत नाही. कानटोपी, थर्मासमध्ये चहा, थोडा गूळ-शेंगदाणा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या रबरबँडने बांधा. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या पांढऱ्या उजेडाकडे एकदा बघितलं की ती मेहनत वाया जाते. मंद लाल उजेडाचं तसं होत नाही. आकाशाची अॅप चांगली असतात, मीही वापरतो, पण घरून निघण्याआधी.

बायनॉक्युलर घ्यायचीच असेल तर ७×५० किंवा १०×५० घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलीमीटरमध्ये. दहापटीच्या वर गेलात की हात थरथरतो आणि चांदण्या नाचू लागतात. पहिल्याच महिन्यात टेलिस्कोप विकत घेऊ नका. मी घेतला होता. दोन वर्षं माळ्यावर पडून होता.

माप घ्यायला हातच पुरतो. हात पूर्ण ताणून मूठ धरली की आकाशातले साधारण १० अंश, मधली तीन बोटं म्हणजे ५ अंश, करंगळीची जाडी एक अंश. कोल्हापूरचा अक्षांश १६.७, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर असतो, म्हणजे पावणेदोन मुठी. एकदा तो सापडला की दिशा पक्क्या होतात. धुरकट दिवशी तो सापडत नाही, तेव्हा बिनधास्त होकायंत्र काढा.

संध्याकाळी साडेसात ते दहा

पुढच्या वेळा महिन्याच्या मध्याच्या आहेत. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणून १ तारखेला हेच चित्र तासभर उशिरा दिसेल आणि ३१ला तासभर आधी.

सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण खरा काळोख व्हायला सव्वासात वाजतात. त्या वेळी दक्षिणेकडे तोंड करून जवळजवळ डोक्यावर बघा. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल. त्याच्या पश्चिमेकडचे दोन तारे पूर्वा भाद्रपदा, पूर्वेकडचे दोन उत्तरा भाद्रपदा. उत्तरा भाद्रपदाचे हे पूर्वेकडचे दोन तारे जोडणारी रेषा दक्षिणेकडे तेवढ्याच लांबीने वाढवली, की टोकाशी, किंचित पूर्वेला, न लुकलुकणारा पिवळसर ठिपका सापडतो. तो शनी. साडेसातच्या सुमारास तो सर्वांत उंच असतो. कुणाकडे टेलिस्कोप असेल तर याच वेळी लावा. मार्च २०२५मध्ये शनीची कडी आपल्याला बरोबर काठावरून दिसत असल्याने जवळजवळ नाहीशी झाली होती. आता ती हळूहळू पुन्हा उघडत आहेत. अजून बारीकच आहेत, फोटोतल्या शनीची अपेक्षा ठेवू नका. १८ तारखेच्या संध्याकाळी चंद्र शनीच्या आसपास असेल, ज्यांना चौकोन सापडला नाही त्यांनी त्या दिवशी बघावा.

त्याच चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून निघणारी ताऱ्यांची ओळ धरून उत्तरेकडे वळलात की देवयानी दीर्घिका. काळ्या आकाशात नुसत्या डोळ्यांना कापसाच्या बोळ्यासारखा डाग दिसतो. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला. शहरातून बायनॉक्युलरनेही जेमतेम दिसते, तिथे वेळ घालवू नका.

आता पूर्वेकडे वळा, आणि इथे मात्र भरपूर वेळ काढा. वर कृत्तिकांचा पुंजका, त्याखाली लालसर रोहिणी, त्याखाली मृग. आठ वाजून गेले की मृगाच्या खाली व्याध उगवतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. क्षितिजाजवळ तो लाल-निळा-हिरवा असा चमचमतो आणि दरवर्षी कुणीतरी मला ‘ते विमान आहे का?’ असं विचारतं. मृगाच्या चौकटीच्या मधले तीन तारे एका रेषेत आहेत. आपल्या जुन्या कथेत प्रजापती हरणाचं रूप घेऊन रोहिणीच्या मागे धावतो, आणि व्याधाने सोडलेला बाण त्याच्या पोटात घुसतो. ते तीन तारे म्हणजे तो बाण. ही गोष्ट नकाशासारखी वापरता येते: बाणाची रेषा एका टोकाने वाढवली तर व्याध, दुसऱ्या टोकाने वाढवली तर रोहिणी आणि तिच्याही पुढे कृत्तिका. एकदा हे जमलं की हिवाळ्याचं अर्धं आकाश पाठ झालं.

बाणाच्या दक्षिणेला काही पुसट ताऱ्यांची आणखी एक छोटी ओळ आहे. तिच्या मध्यावर बायनॉक्युलर लावा. धुरासारखं काही दिसेल. तो मृगातला तेजोमेघ, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर; तिथे आजही नवे तारे तयार होत आहेत.

नऊनंतर आग्नेयेला क्षितिजाजवळ अगस्त्य वर येतो. कोल्हापुरातून तो जास्तीत जास्त वीस-एकवीस अंश वर चढतो. गच्चीच्या कठड्याआड किंवा शेजारच्या आंब्याआड तो सहज लपतो, म्हणून अनेकांनी व्याधाखालोखालचा हा तारा कधी बघितलेलाच नसतो. मध्यरात्रीनंतर तो दक्षिणेला असतो, तेव्हा बघणं सोपं.

आणि खास कोल्हापूरकरांसाठी एक. रोहिणीची जागा खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या रेषेच्या) १६.५ अंश उत्तरेला आहे, कोल्हापूर १६.७ अंशांवर. म्हणजे रोहिणी आपल्या बरोबर डोक्यावरून जाते. १४ डिसेंबरला रात्री साडेअकराच्या सुमारास घोंगड्यावर उताणे झोपा आणि सरळ वर बघा, ती तिथे असेल. दिल्लीकरांना हे भाग्य नाही.

१४ डिसेंबर, सोमवारची रात्र

जेमिनिड उल्का दरवर्षी याच सुमारास येतात. त्या फेथॉन नावाच्या लघुग्रहाने मागे टाकलेल्या कणांच्या आहेत. हा लघुग्रह १९८३मध्ये आयरॅस उपग्रहाच्या निरीक्षणांतून सापडला. बहुतेक उल्कावर्षावांच्या मुळाशी धूमकेतू असतो, इथे खडकाळ लघुग्रह आहे, हेच याचं वेगळेपण. कण सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात आणि साधारण १०० ते ८० किलोमीटर उंचीवर जळून जातात. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या रडारने याच थरातल्या वाऱ्यांचा अभ्यास झालेला आहे. कोल्हापूरच्या डोक्यावरचा तो पट्टा शास्त्रज्ञांच्या तरी ओळखीचा आहे.

यंदा वर्षावाचा भर १४ तारखेच्या संध्याकाळच्या सुमारास अपेक्षित आहे. त्या रात्री चंपाषष्ठीच्या आदल्या दिवसाची कोर असते आणि ती साडेदहाच्या आत मावळते. रविवारी १३ला रात्रीही बऱ्यापैकी उल्का दिसतील, सुट्टीचा दिवस म्हणून गर्दी तेव्हाच होईल. पण एकच रात्र निवडायची तर सोमवारची, दुसऱ्या दिवशी कामावर डोळे चोळत जावं लागलं तरी.

उल्का जिथून फाकल्यासारख्या दिसतात तो बिंदू पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांपाशी आहे. तो पावणेआठच्या आसपास ईशान्येला उगवतो आणि पहाटे अडीचला जवळजवळ डोक्यावर येतो. आठ ते दहा या वेळात उल्का कमी, पण ज्या येतात त्या आकाशभर लांब रेघ ओढत जातात. संख्या वाढते ती अकरानंतर, आणि एक ते साडेतीन ही खरी वेळ.

पुनर्वसूकडे टक लावून बसू नका. तिथल्या उल्का आखूड दिसतात. उताणे झोपा आणि जो भाग सर्वांत काळा आहे तो नजरेत ठेवा. दोघं-तिघं असाल तर वेगवेगळ्या दिशा वाटून घ्या. दिसलेल्या उल्केची रेघ मनाने मागे वाढवायची. ती पुनर्वसूकडे गेली तर जेमिनिड, नाही तर भटकी. वहीत दर पंधरा मिनिटांचा आकडा लिहा, लाल टॉर्चच्या उजेडात.

बातम्यांत ‘तासाला दीडशे उल्का’ असं छापून येईल. तो आकडा आदर्श आकाशासाठी, बिंदू थेट डोक्यावर असताना काढलेला असतो. मसाई किंवा गगनबावड्यासारख्या ठिकाणी मध्यरात्रीनंतर तासाला पन्नास-साठ दिसल्या तर रात्र सार्थकी लागली समजा. शहरातल्या गच्चीवरून आठ-दहा. आणि त्या टप्प्याटप्प्याने येत नाहीत: दहा मिनिटं काहीच नाही, मग एका मिनिटात चार. चहा ओतायला उठलात की हमखास मोठी उल्का पडते. याला माझ्याकडे शास्त्रीय आधार नाही.

मोबाईलने फोटो घ्यायचा असेल तर तो स्टँडवर पक्का बसवा, नाइट मोडमध्ये जितका लांब वेळ मिळेल तितका ठेवा, पडद्याचा उजेड किमान करा आणि मग त्याला विसरून जा.

दहा-साडेदहानंतर पूर्वेला आणखी दोन पाहुणे येतात. आधी गुरू, मघा ताऱ्याच्या शेजारी, पांढराशुभ्र आणि ठळक. बायनॉक्युलर दगडावर टेकवून धरली तर त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत त्याचे चंद्र दिसतात. चार असतात, पण एखादा नेमका गुरूमागे गेलेला असू शकतो. त्याच्यामागून पाऊण तासाने लालसर मंगळ. फेब्रुवारी २०२७मध्ये दोघेही सूर्याच्या बरोबर समोर येणार आहेत, म्हणून आत्तापासून रोज तेजस्वी होत चाललेत.

पहाटेचा शुक्र

साडेतीनच्या सुमारास पूर्वेला शुक्राची चांदणी उगवते. रात्री उसाला पाणी पाजायला जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या ती चांगल्या ओळखीची. इतकी तेजस्वी असते की ‘समोरून गाडी येत्येय’ असं वाटतं. छोट्या टेलिस्कोपमधून महिन्याच्या सुरुवातीला शुक्र कोरीसारखा दिसेल आणि अखेरीस जवळजवळ अर्धा. चंद्रासारख्या त्याच्याही कला असतात. ५ तारखेच्या पहाटे चंद्राची कोर त्याच भागात असेल. पाच वाजता फिरायला जाणाऱ्यांनी एवढं बघितलं तरी चालेल.

सूर्याची परत फिरण्याची जागा

२२ डिसेंबरला पहाटे २ वाजून २० मिनिटांनी सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोहोचतो. त्याआधी-नंतर आठवडाभर एक सोपा प्रयोग करा. गच्चीवर एका ठरलेल्या जागी उभं राहून रोज सूर्यास्ताची जागा नोंदवा: अमुक टाकीच्या डावीकडे, तमुक नारळाच्या मागे. सूर्य जवळजवळ हलतच नाही असं दिसेल. हाच सूर्य नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस मात्र रोज सरकताना कळतो.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव याच सरकण्यावर उभा आहे. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. या तारखा २१-२२ डिसेंबरपासून मोजून बघा: १० नोव्हेंबर एक्केचाळीस-बेचाळीस दिवस आधी, १ फेब्रुवारी तितकेच दिवस नंतर. जाताना आणि येताना सूर्य क्षितिजावरच्या त्याच जागी मावळतो, म्हणून किरण दोनदा गाभाऱ्यात पोहोचतात. मधल्या काळात तो त्या जागेच्या आणखी सहा-सात अंश दक्षिणेला गेलेला असतो, मुठीपेक्षा थोडं कमी. गच्चीवरची डिसेंबरची खूण जपून ठेवा आणि १ फेब्रुवारीला तिथूनच पुन्हा बघा.

दत्तजयंतीचा चंद्र

२३ तारखेला नृसिंहवाडीला जाणार असाल तर कृष्णाकाठी पूर्वेकडे बघत राहा. सूर्य मावळतीला असतानाच चंद्र उगवेल. पौर्णिमेचा नेमका क्षण २४ला सकाळी सातच्या सुमारास आहे आणि त्याच दिवशी चंद्र पृथ्वीपासून ३,५७,००० किलोमीटरच्या आत येतो. सरासरी अंतर ३,८४,००० आहे. तो मोठा दिसेल का? शेजारी नेहमीचा चंद्र ठेवून तुलना करता येत नाही, त्यामुळे खरं सांगायचं तर डोळ्यांना फारसं कळत नाही. उगवताना जो प्रचंड वाटतो तो मनाचा खेळ. लांब हात करून करंगळीच्या नखाने झाका, मध्यरात्री पुन्हा झाका, माप तेवढंच येतं.

मला त्या रात्री दुसरी गोष्ट जास्त आवडते. पौर्णिमेचा चंद्र मृगशीर्षाच्या भागात येतो म्हणून महिना मार्गशीर्ष, आणि यंदा तो मृगाच्याही बराच उत्तरेकडून जातोय. साडेबाराच्या सुमारास अंगणात उभे राहा. चंद्र डोक्यावरून किंचित उत्तरेला झुकलेला असेल आणि तुमची आखूड सावली दक्षिणेकडे पडेल. डिसेंबरमधल्या दुपारी ती उत्तरेकडे पडते.

त्यानंतर चंद्र रोज उशिरा उगवू लागतो. २७ला रात्री तो गुरूच्या अगदी जवळ असेल. उगवायला दहा वाजतील, तोवर जेवण उरकून घ्या.